झोप येते का तुमाले?

हनीफ सरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "मॅडम, झोप येते का तुमाले?"

कॉलेजातला माझा पहिलाच आठवडा होता. अमरावतीच्या त्या कॉलेजात मी मराठी शिकवायला नुकतीच लागले होते आणि स्टाफरूममध्ये कोणत्या खुर्चीवर बसलं की कोणाला राग येतो याचा अंदाज घेत होते. समोर एक उंच, किंचित पोक आलेले, दाढी बारीक कातरलेले गृहस्थ डबा उघडून बसले होते. ओळख ना पाळख, आणि एकदम हा प्रश्न. मी गोंधळून म्हणाले, "हो, येते की."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि डब्यातली कोथिंबिरीची सांबारवडी माझ्यापुढे सरकवली.

शेजारच्या इंगोले मॅडम हसल्या. "घाबरू नका. यांचा राम राम न् सलाम, दोन्ही हाच."

पूर्ण नाव हनीफ देशमुख. आमच्या वऱ्हाडात मुसलमान देशमुख असतात हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. सरांना ते सांगून सांगून कंटाळा आला होता. पुण्याहून आलेले एक पाहुणे एकदा 'देशमुख सरांना' शोधत त्यांच्याच पुढ्यात उभे राहिले, तर यांनी शांतपणे सांगितलं, "आत्ता इथंच होते. मी शोधतो, तुमी चहा घ्या." आणि चहा संपेपर्यंत त्या गृहस्थांना पत्ता लागू दिला नाही.

ते मानसशास्त्र शिकवायचे. राहायला अकोल्याला. रोज सकाळची गाडी धरून बडनेऱ्याला उतरायचे आणि ऑटोनं कॉलेजात. संध्याकाळी तसंच परत. अमरावतीत खोली का घेत नाही असं कोणी विचारलं की म्हणायचे, "मंग गाडीतल्या लोकाईशी भांडन कोन करन?" गाडीत त्यांची एक टोळी होती. दोन शिक्षक, एक कापसाचे दलाल, पोस्टातले एक बाबू. मूर्तिजापूर येईपर्यंत राजकारणावरून भांडण आणि मूर्तिजापूरनंतर डबे उघडायचे, असा शिरस्ता. त्यांचा आवाज इतका खणखणीत, की वर्गाबाहेर व्हरांड्यातूनच मुलं त्यांचं अर्धं लेक्चर ऐकून घेत आणि आत यायची तसदी घेत नसत.

एकदा आमच्या प्राचार्यांनी कॉलेजात भिंतभर पोस्टरं लावली. जवळच्याच एका कॉलेजातली मुलगी आत्महत्येनं गेली होती आणि सगळेच हादरले होते. पोस्टरवर उगवता सूर्य, फुलं आणि खाली 'जीवन सुंदर आहे'. सर त्या पोस्टरपुढे बराच वेळ उभे राहिले. मग प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. मी कशावर तरी सही घ्यायला तिथंच उभी होते.

"सर, ज्याले सुंदर वाटून राह्यलं त्याले पोस्टर काहून पायजे? आन ज्याले नाई वाटून राह्यलं, त्यानं हे वाचून काय करावं? त्याले वाटन, सगळ्याईले सुंदर दिसून राह्यलं, मलेच नाई दिसत. म्हंजे आपल्यातच खोट हाय."

"मग काय लिहू?" प्राचार्य वैतागले.

सरांनी स्वतःच मजकूर दिला. 'झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कोणाशी बोलू नये असं वाटत असेल, तर मानसशास्त्र विभागात या. चहा मिळेल. बोललंच पाहिजे असं नाही.' विभागात चहा करायला परवानगी नाही, अशी प्राचार्यांची हरकत होती. सर म्हणाले, "परवानगी तुमी द्या, साखर मी आनतो." मुलं येऊ लागली. बरीचशी नुसती चहालाच यायची. सरांना ते चालायचं. म्हणायचे, "चहाच्या गर्दीत ज्याले खरंच यायचं हाय तो लाजत नाई."

पण त्यांचं खरं काम कॉलेजबाहेर चालायचं. ज्या घरातलं माणूस आत्महत्येनं गेलं, त्या घरी ते जायचे. लगेच नाही, काही महिने उलटल्यावर, घरच्यांना आधी विचारून. गेलेल्या माणसाचे शेवटचे महिने कसे गेले, झोप कशी होती, कोणाशी तुटलं होतं, काय गमावलं होतं, आधी कधी असा प्रयत्न झाला होता का, हे ते हळूहळू समजून घ्यायचे. पुढं कोणाला वेळेत ओळखता यावं यासाठी. मला त्यांनी त्या कामात ओढलं ते अगदी सरळ कारणानं.

"घरातल्या बाया माझ्यापुढं पदर सावरत बसतात. तुमच्याशी बोलतीन. तुमी फक्त बसा. लिवू नका, मान हालवू नका, हळहळू नका."

"मग करू काय?"

"ऐका ना. मराठीच्या हाय तं शब्द ऐका."

आणि शब्दांवर त्यांचं बारीक लक्ष होतं. पहिल्याच भेटीआधी बसस्टँडवर मी म्हणाले, "यांच्या मुलानं कधी आत्महत्या केली?" त्यांनी मला थांबवलं. "केली म्हनू नका मॅडम. चोरी केली, खून केला, तसं वाटते. गेला म्हना. मायच्या कानाले बरं लागते." मी भाषा शिकवत होते, पण ते क्रियापद मायच्या कानानं कधी ऐकलं नव्हतं.

लोक त्यांना पहिलं विचारायचे ते कारण. "कशामुळं गेला हो? पेपरात तर नापास झाला म्हणून आलं होतं." सर यावर चिडायचे. अकोल्याच्या बाजारात त्यांचं बालपण गेलेलं, तिथलाच दाखला द्यायचे. "बैलगाडीवर पोती रचत जाता. शेवटचं पोतं ठेवलं का आस मोडतो. सगळे त्या शेवटच्या पोत्याकडं बोट दावतात. परीक्षेचं पोतं, भांडनाचं पोतं. अरे, खालची पोती कोनं पायली? किती महिने झोप नव्हती, मी सगळ्याईले भार झालो असं किती दिवसांपासून म्हनत होता, पुढं काही चांगलं होनारच नाई हे त्याच्या मनात कधी बसलं?" आणि मग आवाज खाली आणून, "आन यातली चांगली गोष्ट अशी, का शेवटचंच पोतं उतरवलं पायजे असं नाई. मधलं कोनतंबी एक उतरवलं तरी गाडी चालते."

ती चांगली गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली ती चांदूर बाजारला.

त्या घरातला धाकटा मुलगा, अजय, वर्षभरापूर्वी गेला होता. घरी त्याची आई, थोरला भाऊ विजय आणि विजयची बायको मंगला. विजयचा फोटो स्टुडिओ होता, लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचा. आम्ही सकाळी अकराच्या सुमारास पोचलो. विजयनं खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं, पंखा आमच्याकडं वळवला आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

सरांनी आईला विचारलं, "मावशी, अजय कसा होता?"

बाई चमकल्या. वर्षभरात पोलिसांपासून सोयऱ्याधायऱ्यांपर्यंत सगळ्यांनी त्यांना तो कसा गेला, का गेला, एवढंच विचारलं असणार. त्या बोलू लागल्या ते थांबेचनात. तो पतंग कसा उडवायचा, भरीत दुसऱ्या दिवशी शिळंच कसं आवडायचं, बहिणीच्या लग्नात कसा रडला. बोलता बोलता हसल्यासुद्धा आणि हसल्याबद्दल पदरानं तोंड झाकलं. सर म्हणाले, "हसा ना मावशी. त्याच्या गोष्टी हायेत, हसू येनारच."

या सगळ्यात सर अधूनमधून दाराकडं बघत होते. विजय प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नीट देत होता. तारखा बरोबर, औषधांची नावं बरोबर. पण मंगलाबाई मध्येच म्हणाल्या, "यायनं दिवाळीपासून स्टुडिओ उघडलाच नाई." त्यावर तो हसून म्हणाला, "माझ्यावाचून काय अडून राह्यलं? माझ्यानं उलट घरच्याईले तरासच हाय."

सरांनी खुर्ची फिरवली. आईकडं पाठ झाली आणि तोंड विजयकडं.

"विजयभाऊ, तुमाले झोप येते का?"

"येते थोडीशी."

"किती दिवसांपासून थोडीशी?"

तो चौकटीवरचा रंग नखानं खरवडू लागला.

"अजयच्या बाबतीत तुमाले काय वाटते? तुमच्यानं काही राह्यलं असं?"

"त्यानं त्या दिवशी फोन केला होता," विजय म्हणाला. "मी लग्नात होतो. उचलला नाई."

आई खाली बघत होती. आणि सरांनी अगदी साध्या आवाजात, गाडी किती वाजता आहे असं विचारावं तसं विचारलं, "मरून जावं, असं येते का तुमच्या मनात?"

त्याच्या आईसमोर, बायकोसमोर हे विचारायचं? हा शब्द कानावर पडून नसलेली गोष्ट मनात आली तर? मला वाटलं आता हा माणूस चिडेल, आम्हाला घराबाहेर काढेल.

विजय चौकटीला टेकूनच घसरत खाली बसला. "रोजच येते सर," तो म्हणाला. मग ओंजळीत तोंड घालून रडायला लागला, हमसून हमसून. मंगलाबाई धावत त्याच्याजवळ गेल्या. आणि मला आजही स्पष्ट आठवतं, त्या घाबरलेल्या नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांची दाबून ठेवलेली भीती एकदाची खरी ठरल्याची सुटका होती. "मले मालूम होतं," त्या म्हणत होत्या, "मले मालूम होतं, पन विचारू कशी? विचारलं न् खरंच काही केलं तं?"

सरही खाली जमिनीवर बसले. गुडघे दुखत असताना. "सांगतलं हे लय चांगलं केलं," ते विजयला म्हणाले. "आता हे तुमी एकट्यानं नाई उचलायचं."

जीवन सुंदर आहे, आईचा विचार कर, बायकोचा विचार कर, असलं एक अक्षर ते बोलले नाहीत. मन कधी जास्त बिघडतं, तेव्हा घरात कोण असतं, कोणाला हाक मारता येईल, हे विचारून घेतलं. मंगलाबाईंना बाजूला घेऊन घरात धोक्याचं जे काही असेल ते आजच घराबाहेर काढायला सांगितलं. विजयचा मित्र समोरच राहत होता, त्याला बोलावून घेतलं. आणि मग अमरावतीच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांना फोन लावून म्हणाले, "आज दुपारी घेऊन येतो. उद्या नाई, आज."

आम्ही सगळे एकाच बसनं अमरावतीला आलो. विजय खिडकीशी, शेजारी मंगलाबाई, मागं मी आणि सर. वाटेत संत्र्याच्या बागा लागल्या. सर मला हळूच म्हणाले, "अजयचं काम आज राह्यलं. राहू द्या." थोड्या वेळानं परत म्हणाले, "विचारल्यानं विचार येत नाई, मॅडम. आलेला असते तो बाहेर निघते. भ्याव मलेबी वाटते. दरवेळी वाटते."

विजय एका गोळीनं बरा झाला नाही. मध्ये त्यानं औषध सोडलं, मंगलाबाईंनी फोन केला, सर पुन्हा गेले. महिनाभर त्याचा मित्र स्टुडिओत येऊन नुसता बसायचा. पण पुढच्या उन्हाळ्यात एकदा स्टाफरूममध्ये सरांचा फोन वाजला आणि विजयचा चिडका आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. नवरदेवाच्या मामांनी फोटो पुन्हा काढायला लावले, अल्बमचा रंग पसंत नाही म्हणतात, हे लोक म्हणजे डोक्याला ताप. सर एकेक तक्रार डोळे मिटून ऐकत होते. फोन ठेवून म्हणाले, "असा माणूस भांडाले लागला का समजायचं, गाडी रुळावर आली." आणि इंगोले मॅडमच्या डब्यातला लाडू न विचारता उचलला.

पुढे सरांच्या पत्नी, रुख्सानाभाभी, आजारी पडल्या आणि गेल्या. त्यानंतर काही महिन्यांतच सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांनी भाषण केलंच नाही, कानानं नीट ऐकू येत नाही म्हणाले. ते खरंही होतं. मुलगी शबाना नागपूरला, मुलगा परदेशात. अकोल्याच्या घरी ते एकटे.

मी अधूनमधून फोन करायची. एका दुपारी केला, तर पलीकडून आवाज आला, "नमस्कार. आपण कशा आहात? माझं सर्व ठीक आहे. आपण आठवण ठेवलीत, आभारी आहे."

फोन ठेवला आणि मी बसूनच राहिले. 'आपण'? 'आभारी आहे'? या माणसानं उभ्या आयुष्यात कुलगुरूंनासुद्धा 'तुमी' म्हटलेलं. हे पुस्तकातलं मराठी कोणासाठी? शब्द ऐका, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी अकोल्याला गेले. सरांनी दार उघडलं. कपडे स्वच्छ, घर आवरलेलं. पण गाडीतल्या टोळीचे फोन ते घेत नव्हते, कारण ऐकू येत नाही आणि 'काय, काय' करायची लाज वाटते. जेवण एक वेळ. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. कॉलेजातल्या बदल्या, इंगोले मॅडमचा नातू. धीर होईना. चहा झाला, बिस्किटं झाली. शेवटी पर्स उचलली, दारापर्यंत आले आणि परत फिरून त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाले, "सर, मरून जावं असं वाटतं का तुम्हाला?"

शेजारच्या गॅलरीतल्या बाई वळून बघायला लागल्या.

सर एकदम तडकले. "मले शिकवून राह्यल्या का तुमी? मले?"

"हो," मी म्हणाले. "उत्तर द्या."

ते सोफ्यावर बसले. मग म्हणाले, "दुपारी वाटते. रुख्साना दुपारी झोपायची, तवा घरात असंच चूप असे. पन तवा ती आत होती." हाताच्या शिरा बघत पुढं म्हणाले, "सगळं पाठ हाय मॅडम मले. जोडीदार गेला, काम गेलं, लोक तुटले, कान गेले. वर्गात पंचवीस वर्षं शिकवलं. पन स्वतःच्या गाडीवरची पोती गाडीवानाले दिसत नाईत. तो समोर पाहून राह्यला असते."

मी तिथूनच शबानाला फोन लावला. ती संध्याकाळी नागपूरहून पोचली, तोवर मी थांबले. अकोल्यात त्यांचाच एक जुना विद्यार्थी मानसोपचारतज्ज्ञ होता. त्याच्या दवाखान्यात रांगेत बसायला सर तयार होईनात. "माझा विद्यार्थी हाय तो, त्याले मी दोनदा वर्गाबाहेर काढलं!" शबाना म्हणाली, "अब्बा, मग आता तो तुम्हाला आत बोलावतोय, जा." गेले. औषध सुरू झालं. त्या डॉक्टरनं पहिल्याच भेटीत कानाचं यंत्र घ्यायला लावलं, आणि सर आजही म्हणतात की गोळ्यांपेक्षा त्या यंत्रानंच ते बरे झाले. डॉक्टर म्हणायचा, दोन्हीनं. यावर त्यांचं दर भेटीत भांडण व्हायचं.

यंत्र आलं तशी टोळी परत आली. निवृत्त झालेली सगळी मंडळी आता गाडीऐवजी सरांच्या घरी जमू लागली, दुपारी. दुपारीच, असं शबानानं त्यांना बजावून सांगितलं होतं. मला फोन आला तो असा: "मॅडम, हे पोस्टवाले बाबू कॅरममधी लय चिंधी करून राह्यले, सोंगटी हातानं सरकवतात, तुमी मराठीत एक कडक शब्द सांगा." मी फोनवर इतकी हसले, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी सगळं हसण्याचं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

गेल्या महिन्यात विद्यापीठाच्या कामानं अकोल्याला गेले होते. ऑटो बाजारातून चालला होता, पुढं हातगाड्यांची गर्दी झाली म्हणून थांबला. बाजूला फुटपाथवर बुटांचं दुकान मांडलेलं, आणि त्यापुढे सर. एका पायात नवा पांढरा स्पोर्ट्सचा बूट, दुसऱ्या पायात जुनी चप्पल. दोन पावलं पुढं जात होते, वळत होते, दोन पावलं मागं येत होते, आणि खाली वाकून अंगठ्यापाशी बूट दाबून बघत होते. येणारेजाणारे लोक वळसा घालून जात होते, याची त्यांना पर्वा नव्हती.

"किती वर्षं टिकन?" ते दुकानदाराला विचारत होते. आवाज ऑटोपर्यंत ऐकू येत होता.

"दोन वर्षं कुठी जात नाई, चाचा."

"दोन नाई जमत," सर म्हणाले. "पाच वर्षं टिकनारा दाखव."

पुढची गाडी हलली. ऑटोवाल्यानं मागं वळून विचारलं, "थांबू का मॅडम? वळखीचे हायेत का?"

"हो," मी म्हणाले. "पन थांबू नका. चाला."